मूळमाता

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत हा आमच्या कपाटातील सर्वांत जड ग्रंथ आहे. तो खाली उतरवावयास दोन हात लागतात; वाचावयास मात्र कोणाला फारसा वेळ लागत नाही. जो उघडतो तो आपले नाव बरोबर छापले आहे की नाही एवढे पाहतो आणि मिटून ठेवतो. माझेही अनेक वर्षे तसेच चालले होते. परंतु दुसऱ्या आवृत्तीचे काम निघाले, वडीलधाऱ्यांनी 'तू आता निवृत्त झालास, तुला वेळच वेळ आहे' असा निवाडा दिला आणि आमच्या शाखेची माहिती तपासून देण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. त्यामुळे आयुष्यात प्रथमच तो ग्रंथ मी पहिल्या पानापासून वाचला.

आरंभी अर्थातच मूळपुरुष. तो कोकणातून घाट चढून वर आला, त्याने अमुक ठिकाणी वतन मिळविले, त्याला चार पुत्र झाले, आणि तेथून ती पसरलेली वंशवेल. पुरुषाच्या नावापुढे जन्मशक, शिक्षण, नोकरी, व्यासंग, इतकेच काय पण 'स्वभाव मानी' किंवा 'आवाज गोड' असले तपशीलही हौसेने दिलेले आहेत. बायकोच्या वाट्याला एक कंस. माझ्या पणजोबांची तीन लग्ने झाली. कंसात तिघींची नावे दिली आहेत आणि ती तिन्ही एकच आहेत! नव्या नवरीचे नाव बदलताना गेलेल्या सवतीचेच नाव तिला ठेवावे, म्हणजे हाक मारणाऱ्याच्या जिभेला त्रास नको, असा त्या वेळच्या घरकारभाराचा हिशेब असावा. माहेरच्या रकान्यात तिघींपुढेही आडवी रेघ. माझे आजोबा या तिघींपैकी कोणाच्या पोटचे, हे सांगणारा एकही कागद आमच्या घरात नाही.

दुसरी नोंद याहून लहान होती. आजोबांच्या धाकट्या बहिणीच्या नावापुढे तीनच शब्द होते : 'लहानपणी निवर्तली. निःसंतान.' ही नोंद मी नव्वदी ओलांडलेल्या आमच्या आत्याला वाचून दाखविली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "निवर्तली कसली? दर दिवाळीला तिचं कार्ड यायचं. तुझे आजोबा ते दाराआड उभे राहून वाचायचे आणि देवघराच्या कोनाड्यात ठेवायचे. मी स्वतः पाहिलंय."

ती मुलगी बाराव्या वर्षी विधवा झाली होती. पुढे तिने दुसरे लग्न केले. घरच्यांनी तिच्या नावाने आंघोळ केली आणि १९३८ साली कुलवृत्तांत छापावयाची वेळ आली तेव्हा तीच आंघोळ शाईने पुन्हा एकदा केली. त्या वेळी ती वऱ्हाडात कुठेशी आपला संसार करीत होती.

या दोन नोंदींनी माझे मन अस्वस्थ झाले असतानाच माझा पुतण्या, जो नोकरीनिमित्त दक्षिण आफ्रिकेत केप टाऊनला असतो, त्याला मी सहज लिहिले की, इतर लोक आपल्या वंशावळी कशा ठेवतात हे मला पाहावयाचे आहे. त्याने तिकडच्या एका प्रसिद्ध ग्रंथाची काही पाने पाठविली. क्रिस्टोफेल कुट्झे द व्हिलियर्स नावाच्या गृहस्थाने जमविलेली जुन्या केप घराण्यांची ही वंशनोंद १८९३-९४ साली तीन खंडांत प्रसिद्ध झाली आणि पुढे १९६६ साली कोर पामा यांनी ती सुधारून काढली. पाने पाहून मला हसू आले. कारण मला वाटले, हा आमचाच ग्रंथ आहे! तेथेही आरंभी मूळपुरुष. त्याला अक्षर 'अ', त्याच्या मुलांना 'ब', नातवंडांना 'क', आणि प्रत्येकापुढे जन्मक्रमाचा आकडा. तेथेही बायको नवऱ्याच्या आडोशाला. परंतु एका घराण्यापाशी, म्हणजे जर्मनीतील वेझेल गावाहून आलेल्या आर्नोल्डुस विलेम्स बासोन या मूळपुरुषापाशी, मी थबकलो. त्याच्या पत्नीचे नाव होते आन्सेला व्हान बेंगाले. म्हणजे बंगालची आन्सेला.

गोऱ्या म्हणविणाऱ्या आफ्रिकान घराण्याच्या अगदी मुळाशी ही बंगालची बाई कशी आली? आपल्या पणजीचे माहेर ज्याला ठाऊक नाही, तो मी दुसऱ्याच्या मूळमातेचा शोध घेत पुढचे काही महिने बसलो. मौज अशी की, तो शोध पुष्कळ सोपा निघाला.

डच ईस्ट इंडिया कंपनीने आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी आपला मुक्काम ठोकला तो १६५२ साली. वसाहत करण्याचा हेतू प्रथम नव्हताच. युरोप आणि जावा यांच्यामध्ये ये-जा करणाऱ्या जहाजांना ताजे पाणी, भाजीपाला आणि मांस मिळावे एवढ्यासाठी ते ठाणे होते. यान व्हान रीबेक हा त्याचा पहिला अधिकारी. पूर्वेकडून परतणाऱ्या जहाजांतून कोणी ना कोणी गुलाम माणसे तेथे उतरवीत असत. ठाणे बसल्यावर थोड्याच वर्षांत अशाच एका जहाजातून आलेली आन्सेला आपल्या मुलांसह व्हान रीबेकच्या घरात कामाला लागली. त्याच घरात क्रोतोआ नावाची एक स्थानिक खोईखोई मुलगीही वाढत होती, जी पुढे दुभाषी म्हणून प्रसिद्धीस आली. एकाच चुलीपाशी बसलेल्या या दोन परक्या बाया! एकीची भूमी तिच्या पायाखालून चालली होती, दुसरीची कधीच मागे राहिली होती. आज त्या देशातील असंख्य गोरी कुटुंबे या दोघींचे वंशज म्हणून ओळखली जातात, हे त्या वेळी त्या घराच्या मालकाला सांगितले असते तर त्याने काय केले असते, कोण जाणे.

१६६२ साली व्हान रीबेकची बदली झाली. जाताना त्याने आन्सेलाला आब्राहाम गाब्बेमा या आपल्या सहकाऱ्यास विकले. चार वर्षांनी गाब्बेमाही बटाव्हियास निघाला. पण निघताना त्याने तिला विकले नाही. १६६६ च्या एप्रिल महिन्यात त्याने तिला तिच्या तीन मुलांसह मुक्त केले. अट एवढीच की, तिने आणखी सहा महिने दुसऱ्या एका गृहस्थाच्या घरी काम करावे. पुढच्याच वर्षी तिला गावात एक जागा मिळाली. १६६८ मध्ये तिचा बाप्तिस्मा झाला आणि १६६९ च्या डिसेंबरात तिने बासोनशी विवाह केला. त्या नवऱ्यापासूनही तिला मुले झाली. १६९८ साली तो वारला. त्यानंतर बावीस वर्षे तिने आपला कारभार आपण पाहिला, आणि १७२० साली ती वारली तेव्हा तिच्या मालमत्तेची किंमत १४,८०८ गिल्डर भरली. विकली गेलेली बाई मरताना गावातील सुस्थित लोकांत मोजली जात होती.

लोक तिला 'माय आन्सेला' म्हणत. हे वाचताच माझ्या मराठी कानाला क्षणभर भूल पडली. हा 'माय' शब्द पोर्तुगीज भाषेतील आईवाचक शब्दावरून आला असावा असे मानतात. आपल्या 'माये'शी त्याचे सख्खे नाते लावण्याचा मोह मी आवरला. तथापि वयस्क, जाणत्या बाईला परक्या मुलखातले लोकही आई म्हणूनच हाक मारतात, एवढे समाधान मला त्यातून मिळाले.

तिचे आडनाव मात्र आडनावच नव्हे. गुलामाला कूळ नसते. असते ते फक्त खरेदीचे ठिकाण. म्हणून केपच्या कागदांत 'बंगालचा', 'मलबारचा', 'किनाऱ्यावरचा' अशी शेकडो माणसे भेटतात. मालकाला ठिकाणाचाही कंटाळा आला तर तो ग्रीक-रोमन वीरांची नावे ठेवी, नाहीतर सरळ महिन्यांची. फेब्रुवारी आणि सप्टेंबर ही आडनावे केपमध्ये आजही आहेत. १६५२ पासून १८०८ पर्यंत केपमध्ये आणल्या गेलेल्या गुलामांची संख्या अभ्यासकांनी सुमारे त्रेसष्ट हजार धरली आहे आणि त्यांतील अदमासे चौथा हिस्सा हिंदुस्थानातून नेलेला होता. बंगालच्या मुखाशी त्या काळी आराकानचे मघ आणि त्यांचे फिरंगी साथीदार नदीकाठची गावे लुटून माणसे पकडीत आणि विकीत. डच कंपनी त्यांच्या गिऱ्हाइकांपैकी एक होती. शायिस्ताखानाने, आपल्या पुण्यात बोटे गमावलेल्या त्याच शायिस्ताखानाने, चितगाव जिंकून या चाचेगिरीचा मोठा अड्डा मोडला तो १६६६ च्या जानेवारीत. त्यानंतर तीनच महिन्यांनी हजारो कोसांवर आन्सेला मुक्त झाली. या दोन घटनांचा एकमेकींशी काहीएक संबंध नाही. तिला कोणी, कोठून पकडले हे तिच्या नावातून कळत नाही. पण तिला मुक्ततेचा कागद मिळाला तेव्हा तिच्या मुलखातले काही लोक नुकतेच आपापल्या गावी परतत होते, हा विचार मनातून जात नाही.

येथे आपण नाक वर करून डचांना नावे ठेवू लागू, तर आपलेच जुने कागद आपल्याला गप्प बसवितील. पेशवाईच्या दप्तरांत कुणबिणी आणि बटकी यांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. वाड्यावाड्यांतून त्या पाणी भरीत होत्या, दळीत होत्या. त्यांचे मूळ गाव, त्यांचे आईबाप, त्यांची मुले यांचा कुलवृत्तांत कोणी लिहिला? राजवाड्यांनी गावोगाव हिंडून इतिहासाची साधने जमविली, त्यांचा पहिला खंड १८९८ साली निघाला. त्यानंतर केवढे कागद उजेडात आले! पण कुणबिणीच्या नावाचा धागा धरून तिच्या आजच्या पणतीपर्यंत येऊन पोचलेला संशोधक माझ्या पाहण्यात नाही.

मग आन्सेलाचाच धागा का तुटला नाही? ती भाग्यवान होती किंवा डच लोक स्त्रियांचे मोठे कैवारी होते, असे उत्तर देऊन भागणार नाही. खरे कारण अगदी रोकडे आहे. डचांच्या कायद्याने नवराबायकोची मालमत्ता सामाईक असे. एक वारले की निम्मी मालमत्ता मागे राहिलेल्याची आणि उरलेली मुलांची. आणि मुलांमध्ये मुलगा व मुलगी यांचा वाटा सारखा. अज्ञान वारसांचे हित पाहण्यासाठी केपमध्ये १६७३ पासून एक खाते होते, त्याला अनाथांची कचेरी म्हणता येईल. एखाद्या घरी मृत्यू झाला आणि मागे अज्ञान वारस असले की, या कचेरीची माणसे येत आणि खोलीमागून खोली फिरून भांडी, खुर्च्या, अंथरुणे, गुरे आणि गुलाम यांची यादी करीत. वाटा द्यावयाचा तर वाटेकरी कोण हे लिहावेच लागे. मुलगी वाटेकरी म्हणून तिचे नाव लिहिले गेले. बायको वाटेकरी म्हणून तिचे नाव लिहिले गेले. शिवाय त्या काळच्या डच रीतीने लग्नानंतर स्त्रीचे नाव पालटत नसे. आन्सेला बासोनची बायको होऊनही कागदावर बंगालचीच राहिली. आज त्या याद्या उतरवून काढल्या आहेत आणि घरबसल्या संगणकाच्या पडद्यावर वाचता येतात. डच कंपनीच्या दप्तराला २००३ साली युनेस्कोने जगाच्या स्मृतिसंचयात स्थानही दिले.

हे समजले तेव्हा माझ्या पणजीच्या नावापुढची आडवी रेघ मला निराळीच दिसू लागली. आजवर मी ती निष्काळजीपणाची खूण समजत होतो. पण आमचे पूर्वज निष्काळजी नव्हते. कोणत्या आंब्याच्या झाडात कोणाचा किती आणे हिस्सा हे त्यांनी चोख लिहून ठेवले आहे. ज्याचा हिस्सा त्याचे नाव, हाच त्यांचाही नियम होता. पणजीला हिस्सा नव्हता. हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत काही हक्क मिळाला तो १९३७ साली. मुलीला वारसा मिळाला १९५६ मध्ये. आणि वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्रात १९९४ मध्ये व सर्व देशात २००५ मध्ये मिळाला. आमच्या वंशवेलीवर बायकांची नावे नसण्याचे कारण सोवळ्याओवळ्यात शोधण्यापेक्षा सातबाराच्या उताऱ्यात शोधावे, हे मला एका गुलाम बाईच्या मृत्युपत्रिकेने शिकविले.

आन्सेलाची कथा येथेच थांबली असती तर ती एक गोड बोधकथा झाली असती. पण खऱ्या वंशावळीचा एक दोष असा की, ती पुढे चालूच राहते. तिच्याबरोबर मुक्त झालेली तिची मुलगी आन्ना द कोनिंग हिने १६७८ साली ओलोफ बर्ग या स्वीडिश अधिकाऱ्याशी लग्न केले. बर्गने १७१६ साली कॉन्स्टान्शियाचा प्रसिद्ध वाडा आणि त्याभोवतीचे द्राक्षमळे विकत घेतले. हा वाडा बांधणारा सिमोन व्हान डेर स्टेल याची आजी मोनिका ही देखील हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरची. एका हिंदी बाईच्या नातवाने बांधलेल्या वाड्यात दुसऱ्या हिंदी बाईची मुलगी मालकीण म्हणून राहावयास आली! आन्नाचे म्हणून ओळखले जाणारे एक तैलचित्र आजही आहे. परंतु त्या द्राक्षमळ्यांत राबत होते ते गुलामच. जी स्वतः लहानपणी आईबरोबर गुलामीतून सुटली, तिच्या घरात पहाटे उठून चूल पेटविणारी बाई कदाचित बंगालचीच असेल. आन्नाला तिच्याकडे पाहून आपली आई आठवत असेल काय? की आठवू नये म्हणूनच ती तिच्याकडे पाहत नसेल? यादीत माणसांची नावे असतात, मने नसतात. मला वाटते, छळ सोसलेला माणूस सुटल्यावर दुसऱ्याला सोडवितोच असे नाही. पुष्कळदा तो फक्त जागा बदलतो. सासुरवास भोगलेल्या सासवा आपण घरोघर पाहिल्या आहेत.

दार हळूहळू बंद होत गेले. १६५६ साली यान वाउटर्स याने बंगालच्या कातारिनाशी लग्न केले तेव्हा कोणी भुवई उंचावली नव्हती. परंतु १६८५ साली कंपनीचा एक मोठा अधिकारी केपच्या पाहणीसाठी आला आणि त्याने पूर्ण गुलाम रक्ताच्या स्त्रीशी युरोपीय पुरुषाने लग्न करण्यास बंदी घातली. या अधिकाऱ्याचे नाव वाचून मी चमकलो. तो हेंड्रिक आड्रियान व्हान रेडे होता. मलबारच्या वनस्पतींचा 'हॉर्तुस मलाबारिकुस' हा बारा खंडांचा अपूर्व ग्रंथ ज्याने सिद्ध केला तोच. त्या ग्रंथाच्या १६७८ सालच्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोकणी वैद्यांचे प्रमाणपत्र नागरी लिपीत छापले आहे. आमच्या पंडितांच्या हस्ताक्षराचा एवढा मान करणारा मनुष्य आमच्याकडील बाईच्या हाताला मात्र विवाहयोग्य मानीत नव्हता! केपहून तो पुढे पूर्वेकडे आला, १६९१ साली सुरतेस जाताना समुद्रावर वारला आणि सुरतेस त्याची भव्य कबर आहे. विद्वत्ता आणि न्यायबुद्धी या एकाच घरात राहतात असा आपला समज असतो. त्या सख्ख्या बहिणी नव्हेत.

पुढे हेच रक्त लपविण्याचा काळ आला. दक्षिण आफ्रिकेत १९४९ साली मिश्रविवाहांवर बंदी घालणारा कायदा झाला आणि १९५० साली प्रत्येक माणसाची वर्णानुसार नोंद करणारा दुसरा. गोरा कोण, तर जो दिसावयास उघड गोरा किंवा लोकांत गोरा म्हणून मानला गेलेला, अशी त्याची व्याख्या होती. वंशशुद्धीसाठी केलेल्या कायद्याने आरंभी वंशावळ मागितली नाही, चेहरा पाहिला! मला यात मोठे शहाणपण दिसते. वंशावळ मागितली असती तर किती प्रतिष्ठित घराण्यांच्या दारात आन्सेला येऊन उभी राहिली असती! १९७१ साली योहानेस हेसे या अभ्यासकाने बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या नोंदी चाळून आफ्रिकान लोकांच्या मुळाचा हिशेब मांडला आणि त्यांतील सुमारे सात टक्के अंश युरोपाबाहेरचा आहे असे दाखविले. २०२० साली सत्त्याहत्तर आफ्रिकान व्यक्तींच्या रक्तबीजांची शास्त्रीय तपासणी प्रसिद्ध झाली. तिच्यात हा अंश सरासरी ४.७ टक्के आढळला आणि त्यात दक्षिण आशियाचाही वाटा होता. मिश्रविवाहबंदीचा कायदा १९८५ मध्ये गेला, वर्णनोंदणीचा १९९१ मध्ये. आन्सेला तेवढी वर्षे स्वस्थ होती. ती कोठे गेली नव्हती. लेकरांनीच तोंडे फिरविली होती.

आणि तोंडे फिरविण्याच्या बाबतीत मला कोणाला हसण्याचा अधिकार तो काय? माझ्यापुढे आमचा कुलवृत्तांत उघडाच पडला होता.

मी आमच्या शाखेची दुरुस्त केलेली पाने घेऊन मंडळाचे प्रमुख तात्या यांच्याकडे गेलो. पणजोबांच्या तिन्ही पत्नींची मी तीन स्वतंत्र टिपणे केली होती आणि प्रत्येकीपुढे 'जन्मनाव व माहेर माहीत नाही' असे स्पष्ट लिहिले होते. आजोबांच्या बहिणीची नोंदही बदलली होती. तात्यांनी चष्मा पुसला, पाने दोनदा वाचली आणि म्हणाले,

"अरे, 'माहीत नाही, माहीत नाही' असं छापून ग्रंथाला काय शोभा? वाचणारा हसेल आपल्याला."

"हसू द्या, तात्या. रेघ मारली की वाटतं, सांगण्यासारखं काही नव्हतंच. माहीत नाही म्हटलं की निदान कळतं, कोणीतरी होतं आणि आपण विचारलं नाही."

ते काही वेळ गप्प राहिले. मग त्यांचे बोट दुसऱ्या नोंदीवर आले. "आणि हे? ऐंशी-नव्वद वर्षांनी आता हे कशाला उकरतोस? त्या वेळी ज्यांनी लिहिलं ते आपले वडील माणसंच होती ना? त्यांना खोटं पाडायचं?"

हा प्रश्न मला सोपा नव्हता. पहिल्या आवृत्तीचे ते पान लिहिणाऱ्यांत माझे आजोबाच होते. दाराआड उभे राहून कार्ड वाचणारे तेच. ज्या हाताने त्यांनी बहिणीला कागदावर मारले त्याच हाताने तिचे अक्षर देवघरात ठेवले. त्यांच्या या दोन कृतींपैकी कोणती खरी धरावयाची? मी तात्यांना एवढेच म्हणालो की, आजोबांना खोटे पाडण्याची माझी इच्छा नाही; पण कोनाड्यातले आजोबा ग्रंथातल्या आजोबांपेक्षा अधिक खरे होते असे मला वाटते, आणि त्यांना जे छापता आले नाही ते छापण्याचे काम त्यांनी माझ्यावर टाकले आहे असे मी समजतो.

तात्यांनी उत्तर दिले नाही. उठले, आतून चहा सांगितला आणि परत येऊन बसले. कप रिकामा होईतो आम्ही पावसापाण्याचे बोललो. निघताना त्यांनी ती पाने माझ्या हाती परत दिली. 'निवर्तली' या शब्दावर मी मारलेल्या रेघेच्या शेजारी त्यांनी आपल्या थरथरत्या अक्षरात एक ओळ वाढविली होती : 'पुनर्विवाह झाला. पुढील माहिती मिळाल्यास कळवावी.'

ती माहिती मिळेल की नाही, मला सांगता येत नाही. देवघराचा तो कोनाडा वाडा पाडला तेव्हाच गेला. आत्याला गावाचे नाव आठवत नाही. कार्डावरचे अक्षर मात्र टपोरे होते असे ती म्हणते. वऱ्हाडात कोठेतरी एखाद्या घरात दुसरा एखादा कुलवृत्तांत असेल, त्यात एका मूळपुरुषाच्या खाली, कंसात, एका बाईचे नाव असेल आणि माहेरच्या रकान्यात आडवी रेघ. त्या रेघेच्या अलीकडे आम्ही आहोत, हे त्या घरातील लोकांना कोणी सांगावे? दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा त्यांच्यापैकी कोणाच्या हाती ती पडो, आणि त्यांनी आपले नाव शोधून झाल्यावर हे एक पान अधिक उलटो, एवढीच माझी इच्छा आहे.